डोस्कं, काका आणि वाशिम

ऑफिसात दिवसातून किती वेळा डोकं निघतं, कधी मोजलंय? बॉसनं डोकं खाल्लं, क्लायंटनं डोकं फिरवलं, संध्याकाळपर्यंत डोक्याचं दही. बोलायची एक पद्धत, बस्स. वाशिमला जाऊन येईपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

अकोल्याहून वाशिम ८० किलोमीटरच्या आसपास. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर. वीकेण्ड पिकनिकवाल्यांच्या लिस्टमध्ये नसतो, पण माझे काका तिथे राहतात. एके काळचे गल्लीतले नंबर वन गप्पिष्ट. दीड वर्षापूर्वी त्यांना स्ट्रोक झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात बराचसा सावरला. शब्द मात्र गेले.

समोर ग्लास असतो, पाणी हवं असतं, पण 'ग्लास' हा शब्द काही येत नाही. "ते... ते..." वर गाडी अडते. मला बघून हसले, डोळे भरले, माझं नाव काही आलं नाही. दुपारी काकूंनी गोळीची तिसऱ्यांदा आठवण केली आणि काका कडाडले, "डोस्कं नको खाऊ वं माय!"

अख्खं वाक्य! वऱ्हाडी ठसक्यासकट! आधी सगळे गप्प, मग काकूच हसायला लागल्या. आम्ही म्हटलं, पुन्हा म्हणा ना. पुन्हा "ते... ते..."

चुलत बहीण वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजात फर्स्ट इयरला आहे. हे कॉलेज २०२४ मध्ये सुरू झालं. म्हणाली, "ताई, यात जादू काही नाही." १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकानं असाच एक पेशंट तपासला होता. तो कशालाही 'टॅन'च म्हणायचा, पण चिडला की शिवी मात्र स्पष्ट द्यायचा. जुळवून बोलायचं वाक्य बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला तयार होतं. शिव्या, नमस्कार, तोंडात बसलेली वाक्यं यांची वाट थोडी वेगळी. त्यात उजव्या बाजूचा आणि आतल्या भागांचाही हात असतो असं मानतात. म्हणून ती वाचतात.

कॉलेजात तिनं पहिल्यांदा मेंदू हातात धरला, तेव्हा वजन जाणवलं म्हणे. सव्वा ते दीड किलो. "आणि डोक्याचं दही फार चुकीचं नाही हं. ताजा मेंदू तसाच मऊ असतो, फॉर्मलिनमध्ये ठेवला की पनीर." (त्या रात्री पनीर होतं. मी वरण-भात खाल्ला.)

संध्याकाळी काकांना घेऊन बालाजी मंदिरात गेलो. भोसल्यांच्या काळात भवानी काळू यांनी १७७९ मध्ये बांधलेलं. तिथून पद्मतीर्थ. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त एक भारी गोष्ट आहे: सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून देशभर भटकतो, साहित्यविद्या त्याच्या मागे मागे जाते आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं ते इथे, वत्सगुल्मात. साहित्य म्हणजे काय, तर शब्द आणि अर्थाचं नीट सोबत असणं. हे सगळं मी काकांना सांगत होते आणि मधेच थांबले. त्यांच्याकडे अर्थ सगळा होता. सोबतीला शब्दच नव्हता. काकांनी मान हलवली, पुढे बोल म्हणून.

आता रोज अर्धा तास बहीण त्यांच्याकडून शब्द घोटून घेते. 'चहा' आला आहे. 'बालाजी' अर्धा येतो.

निघताना काका फाटकापर्यंत आले. तोंड उघडलं, माझं नाव शोधलं, बराच वेळ शोधलं. ऑटोवाला घाई करत होता. मी बसले, ऑटो हलला आणि मागून काकांचा आवाज आला, पूर्वीसारखाच खणखणीत:

"येजो बरं!"