ओसरीवरचे विंडोज

एका संगणकाच्या आत दुसरा, केवळ सॉफ्टवेअरने घडवलेला संगणक चालवण्याच्या तंत्राला व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, असे म्हणतात. त्यात बाहेरची यंत्रणा यजमान ठरते आणि आत चालणारी यंत्रणा पाहुणा. मॅकवर विंडोज चालवताना विषाणूंची धास्ती बाळगणाऱ्या माणसाला या दोन शब्दांतच उत्तराचा बराचसा भाग सापडतो, कारण मराठी घरात पाहुण्याचे स्वागत ओसरीवर होते आणि माजघरापर्यंत कोणाला येऊ द्यायचे हे घरचे लोक ठरवतात.

मराठी मजकुरात आयुष्य घालवलेल्या माणसाला मॅक घेतल्यावरही विंडोज का लागावे, याचे कारण फाँटच्या इतिहासात आहे. युनिकोड, म्हणजे जगातील सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी पुण्यात घडलेल्या श्रीलिपी आणि सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या संचांतील फाँट देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवत असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाईल निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडे. दिवाळी अंकांची पाने ज्या पेजमेकरमध्ये लागत, त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली आणि मॅकच्या नव्या ओएस टेनसाठी ती कधी घडवलीच गेली नाही. विंडोजवर मात्र ती पुढे अनेक वर्षे चालत राहिली. प्रस्तुत लेखकाचे १९९० च्या दशकातील बहुतेक लेखन अशाच फायलींत बंद होते, आणि ते वाचण्यासाठी विंडोजला घरात जागा देणे भाग होते.

विंडोज घरात घेतले की विषाणूही येतील आणि न घेतले तर मॅक निर्धास्त राहील, ही समजूत मात्र इतिहासाला धरून नाही. वैयक्तिक संगणकांत पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू, एल्क क्लोनर, १९८२ साली रिच स्क्रेंटा या १५ वर्षांच्या अमेरिकन मुलाने लिहिला, आणि तो ॲपल टू या संगणकाच्या फ्लॉपींवरून पसरला. आयबीएमच्या धर्तीच्या संगणकांवरचा ब्रेन हा विषाणू त्यानंतर चार वर्षांनी लाहोरमधून निघाला. १९९५ साली आलेला कन्सेप्ट हा मॅक्रो विषाणू, म्हणजे वर्डच्या दस्तऐवजातच लपलेला छोटा प्रोग्राम, विंडोज आणि मॅक असा भेदच मानत नव्हता, कारण त्याला फक्त वर्ड हवे होते. २०१२ साली फ्लॅशबॅकने जावामधील एका उणिवेतून सुमारे ६ लाख मॅक ग्रासले, तेव्हा उरलासुरला भ्रमही गेला.

२००६ च्या जानेवारीत ॲपलने इंटेलचे प्रोसेसर असलेले पहिले मॅक आणले आणि एप्रिलमध्ये बूट कॅम्पची चाचणी आवृत्ती दिली, तेव्हा दोन वाटा समोर आल्या. बूट कॅम्पमध्ये डिस्कचा एक भाग, म्हणजे पार्टिशन, तोडून विंडोजला दिला जाई आणि संगणक सुरू करताना दोहोंपैकी एकच यंत्रणा निवडावी लागे. त्याच वर्षी आलेल्या पॅरलल्स या आभासी संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज मॅकच्याच एका चौकटीत चाले आणि त्याची संपूर्ण डिस्क म्हणजे मॅकवर साठवलेली एक मोठी फाईल असे. वेग पाहता पहिली वाट सरस होती, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने दुसरी वाट अधिक शहाणपणाची आहे. बूट कॅम्पमधील विंडोजला खऱ्या डिस्कवर हात ठेवता येतो, आणि २०१७ च्या जूनमधील नॉटपेट्या या विषाणूच्या हल्ल्याने दाखवल्याप्रमाणे डिस्कचा आरंभीचा भागच उद्ध्वस्त करणारा विषाणू शेजारच्या पार्टिशनची पर्वा करील, असे मानायला आधार नाही. त्याच हल्ल्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. दूरवर पेटलेली आग महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पोचली होती. आभासी संगणकात असा विध्वंस झाला, तर जळते ती ओसरीची चौकट, म्हणजे ती एक फाईल, आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या संगणकाची एका क्षणी जपून ठेवलेली संपूर्ण अवस्था, हाताशी असेल तर आधीच्या क्षणावर परतता येते.

परंतु यजमान आणि पाहुणा यांच्यामधली ही भिंत बहुधा विषाणू फोडत नाही, घरचेच लोक सोयीसाठी तिला दारे पाडतात. पाहुण्या विंडोजला मॅकमधील कागदपत्रांचे आणि छायाचित्रांचे फोल्डर सरसकट वापरू देण्याची सोय अशा सॉफ्टवेअरांत असते, आणि ती चालू असेल तर खंडणीखोर विषाणू, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, विंडोजच्या आत राहूनच मॅकवरील दस्तऐवज कुलूपबंद करू शकतो. त्यासाठी त्याला मॅकची भाषा यावी लागत नाही, कारण त्याला त्या फायलींवर लिहिण्याची मुभा आधीच दिलेली असते. या एका मुद्द्याकडे होणारे दुर्लक्ष लेखकाला सर्वांत चिंताजनक वाटते, कारण माणसे अँटीव्हायरस कोणता घ्यावा यावर दिवस घालवतात आणि मधले दार सताड उघडे ठेवतात. दार ठेवायचेच असेल, तर एकच फोल्डर निवडून तो फक्त वाचण्यापुरता द्यावा, आणि लिहू द्यायचेच असेल तर तो रिकामा असावा.

भिंतीतही दोष असू शकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ साली उघडकीस आलेली व्हेनम ही त्रुटी काही आभासी संगणकांच्या फ्लॉपी नियंत्रकात होती, म्हणजे ज्या फ्लॉपीवरून विषाणूंचा संसार सुरू झाला, तिच्याच आभासी अवशेषातून पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरण्याची शक्यता निर्माण झाली होती. त्यामुळे यजमान, पाहुणा आणि त्यांना जोडणारे सॉफ्टवेअर, तिन्हींची अद्यतने वेळेवर करणे हा नियम टळत नाही. जुन्या विंडोज एक्सपीला मात्र नियमित अद्यतने मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, आणि जुने मराठी सॉफ्टवेअर नेमके त्याच्याच सोबतीने उत्तम चालते.

लेखकाने यावर काढलेला मार्ग साधा होता: एक्सपीच्या आभासी संगणकाचे नेटवर्कच काढून टाकले, त्यात ईमेल किंवा बँकेचे काम कधी केले नाही, आणि छपाईच्या दुकानातून येणारे पेन ड्राइव्ह थेट त्याला जोडले नाहीत. या पेन ड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट झालेले अनेकदा आढळत. विंडोजवर त्यावर क्लिक करताच विषाणू जागा होई, मॅकवर तो निपचित पडून राही. तरीही तसाच पेन ड्राइव्ह पुढच्या माणसाला देणे म्हणजे स्वतः आजारी न पडता साथ पसरवणे होते, म्हणून परत करण्यापूर्वी तो पुसून देण्याची सवय लागली.

२०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने एम वन हा स्वतःचा प्रोसेसर असलेले मॅक आणले आणि हा सगळा डोलारा पुन्हा हलला. त्यावर बूट कॅम्प नाही, आणि आभासी संगणकात वेगाने चालते ते एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी घडवलेले विंडोज. ते जुने प्रोग्राम अनुवाद करून चालवते, पण जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारे अगदी आतल्या थरातील प्रोग्राम, त्याला चालवता येत नाहीत. इंटेलसाठी घडलेल्या एक्सपीची अडचण त्याहून मोठी आहे, कारण ते या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर थेट चालतच नाही.

म्हणून लेखकाच्या टेबलावर नव्या मॅकशेजारी एक जुना इंटेल मॅकही आहे. त्यातील एक्सपीमध्ये दर आठवड्याला काही फायली उघडल्या जातात, त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलला जातो, जोडाक्षरांतील र आणि पहिली वेलांटी जिथे सरकली असेल तिथे हाताने दुरुस्त केली जाते, आणि तयार झालेला लेख मॅक्रो नसलेल्या, साध्या मजकुराच्या फायलीतून एका रिकाम्या फोल्डरमार्गे बाहेर येतो. १९९८ पर्यंतचे लेख आता त्या मशीनशिवाय वाचता येतात.