मोत्याची दाढ

कोल्हापूरच्या माणसाला मजबूत वस्तूंचा अभिमान फार. आमच्याकडे पैलवान मजबूत आणि पायताण तर असं की, ते झिजायच्या आधी माणूस झिजावा. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगत असे. मोत्या घरात आला आणि तीन दिवसांत त्यानं माझी ही बढाई चावून टाकली.

तेव्हा तो चार महिन्यांचा होता. पिलाचे 28 दुधाचे दात याच सुमारास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवत असल्यामुळं ते दिसेल त्याला दात लावतं. हे शहाणपण मला मागाहून आलं. त्या वेळी एवढंच दिसलं की, खुर्चीचा पाय आणि चिरंजीवांचा चेंडू संपवून मोत्यानं माझ्या नव्या कोल्हापुरी पायताणाचा एक कान फस्त केला आहे.

ते पायताण घेऊन मी तावातावानं चप्पल लाईनमध्ये गेलो. म्हाताऱ्या कारागिरानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि तो हसत म्हणाला, "साहेब, अस्सल चामडं हाय म्हणून तर खाल्लं त्यानं. रेक्झिनला तोंड लावलं असतं व्हय?"

त्याचं खरंच होतं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, चामड्याच्याच वादीनं शिवलेलं ते पायताण. 2019 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मोत्यानं ते केवळ वासावरून दिलं होतं!

सौ.नं मग एक तोडगा काढला. "अहो, तुमचं जुनं पायताण त्यालाच देऊन टाका. एकदाचा नाद फिटेल." दिलं. पण जुनं आपलं आणि नवं धन्याचं, हा भेद कुत्र्याला कसा कळावा? आठवड्याभरात पाहुण्यांच्याही चपला त्याच्या संग्रहात जमा झाल्या.

तेव्हा मी हट्टालाच पेटलो. याला न तुटणारी वस्तू आणून देईन, तरच नावाचा! दुकानातली कापडी बाहुली एका दुपारी संपली. दोरखंडाची गाठ चार दिवस टिकली. पण तिचे धागे पोटात गेले तर आतडं अडतं, हे कळल्यावर तीही काढून घेतली. रश्श्यातलं शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार कपच्या निघतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी खास शोधून एक जाड, कच्चं नळीचं हाड आणलं. हाड दगडासारखं. मोत्या दिवसभर त्याला भिडला आणि हाडाला काही झालं नाही. रात्री जेवताना मी विजयी मुद्रेनं म्हणालो, "बघा, मिळाली की नाही टिकाऊ वस्तू!"

दुसऱ्या दिवशी मोत्यानं भाकरीला तोंड लावलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. वरच्या जबड्यातली सर्वांत मोठी दाढ उभी चिरली होती. भूल देऊन ती काढावी लागली. शुद्धीवर येताना त्यानं माझा हात चाटला, तेव्हा मला मान वर करवेना. टिकाऊपणाची परीक्षा मी हाडाची घेत होतो आणि ती देत होता तो.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "सर, वस्तू देण्यापूर्वी ती अंगठ्याच्या नखानं दाबून पाहा. नखाचा वण उठत नसेल, तर ती त्याच्या दातांसाठी नाही." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जो मार्कम यांचा फ्रिट्झ नावाचा कुत्रा चक्क दगड चावून दात झिजवत असे. फोक्सवॅगन गाडीचं काम चालू असताना त्याला गाडीचा एक रबरी भाग मिळाला आणि तो काही केल्या सोडीना. त्यावरूनच पुढं कुत्र्यांसाठी पोकळ रबरी खेळणी निघाली. दाताखाली दबावं आणि पुन्हा पूर्ववत व्हावं, हा रबराचा गुण. दगडाला तो कुठून यायचा?

तसलं एक खेळणं आम्ही आणलं. मोत्याला गिळता येणार नाही एवढं मोठं. त्याचा तुकडा निघू लागला की ते टाकून नवं आणायचं, हेही आता ठरून गेलं आहे. न तुटणारी वस्तू शोधायचा नाद मी सोडला आहे.

गेल्या दिवाळीत पहाटे फटाके सुरू झाले, तसा मोत्या थरथरत खाटेखाली शिरला. सौ.नं खेळण्यात दही-भाकरीचा चुरा भरून त्याच्यापुढं सरकवला. बराच वेळ तो नुसता पाहत राहिला. मग चाटू लागला, चावू लागला. हळूहळू त्याची थरथर थांबली. उंबऱ्याशी माझी नवी पायताणं होती, दोन्ही कान शाबूत असलेली. मी वाकून खाटेखाली पाहिलं. मोत्या एकाच बाजूनं चावत होता.