जिताडा आणि आमचा तलाव

बाहेरचे लोक आता बिरसीला विमानतळामुळे ओळखतात. आम्ही ढिवर. आमची ओळख तलावाशी, मरळीशी, रोहू-कतल्याशी. नोकरीनिमित्त रायगडात गेलो तेव्हा पेणकडं पहिल्यांदा जिताड्याची तळी पाहिली. खाजणातली पिल्लं धरायची, भातशेताजवळच्या गोड्या तळ्यात सोडायची आणि खाडीची बारकी मासळी घालून दोन-तीन वर्षं पोसायची. भाव म्हणाल तर रोहूच्या कितीतरी पट!

संस्थेवर तेव्हा कर्ज होतं. मी बाबांना फोन केला, "बाबा, आपल्या तलावात जिताडा सोडून पाहायचा का?"

"अंडी कुठं घालते तो?"

हा प्रश्न ढिवरच विचारणार. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण वीण मात्र खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. मादी लाखोंनी अंडी सोडते, अंडी-पिल्लांना खारटपणा लागतोच. आणखी गंमत म्हणजे बहुतेक जिताडे आधी नर असतात, काही वर्षांनी मोठे झाले की मादी होतात. म्हणून खाडीतले मोठमोठे जिताडेच मारले तर माद्याच संपतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं 1997 मध्ये बंदिस्त जागेत त्याचं बीज तयार केलं, त्यामुळं बीज विकत मिळू शकतं, हेही मी सांगितलं.

बाबा बराच वेळ हसले. "नराची बाई होते? आमची मरळ बरी गा. गवतात घरटं करते, पिल्लं लाल-लाल थव्यानं फिरतेत, अन् मायबाप राखण करतेत. त्या दिवसांत आम्ही तिले हात लावत नाही."

"मरळही बारके मासे खातेच ना?"

"खाते. पण ती इथलीच हाय, इथंच पिल्लं देते. रोहू-कतल्याचं बीज आपण दरसाल पैसे देऊन आणतो. तुझा जिताडा तेच खाईन. मंग कर्ज कोण फेडन, तो का तू?"

मला उत्तर सुचलं नाही. पेणच्या तळ्यांत जिताडा एकट्याचा राजा असतो, त्याचं खाणं खाडीतून येतं. आमच्याकडं खाडी कुठली? इथलं पाणी वैनगंगेला मिळतं, आणि समुद्र शेकडो कोस लांब.

त्या पावसाळ्यात संस्थेनं रोहू-कतल्याचंच बीज आणलं. बाबा अजून फोनवर विचारतात, "काऊन गा, तुमचा तो मासा बाई झाला का?"