साक्ष देण्याआधी

देवउठनी एकादशी झाली की ग्वाल्हेरात लग्नं सुरू होतात. लष्करच्या चिंचोळ्या रस्त्यांवरून, मुरार-थाटीपूरच्या मॅरेज गार्डनांसमोरून रोज रात्री वराती जातात. पुढे बँड, दोन्ही बाजूंना डोक्यावर दिवे घेतलेले लाइटवाले, मध्ये नाचणारे पाहुणे. आणि पुष्कळदा त्या पाहुण्यांतच कुणाच्या तरी खांद्याला बंदूक. आमच्या या ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात परवान्याची बंदूक घराची शान मानतात. लग्नात ती हवेत झाडायची, याला म्हणतात ‘हर्ष फायर’. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. अशा गोळीबारानं कुणाचा जीव धोक्यात आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरी बंदुका येतात. तशा एका बंदुकीच्या गोळीनं माझ्यासमोर एक मुलगा मारला गेला.

शेजारच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव दारात आला तेव्हा मी आरतीचं ताट घेऊन उभी होते. कमानीखाली अंधार होता, म्हणून मी एका लाइटवाल्या मुलाला जवळ बोलावलं. पुढचं सारं काही क्षणांत झालं. तो सोळा-सतरा वर्षांचा असावा. रात्रीच इस्पितळात गेला.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मला काही केल्या क्रम लागेना. ताट आधी पडलं की आवाज आधी आला? बंदूक कुणाच्या हातात होती ते मी पाहिलं होतं, पण तो माणूस कुठे उभा होता ते सांगता येईना. मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिले : मी त्याला बोलावलं.

मी घरी गाणं शिकवते. माधव संगीत महाविद्यालयात शिकले, पं. भातखंड्यांच्या मदतीनं १९१८ साली माधवराव शिंद्यांनी काढलेलं ते विद्यालय. तबल्याच्या थापेवर माझं आयुष्य गेलं, आणि आता तीच थाप ऐकली की अंगाला दरदरून घाम फुटे. कुकरची शिट्टी, जोरात लागलेलं दार, मोटारसायकलचा फाटका आवाज, काहीही पुरे. झोप लागली की ती कमान दिसे. शिकवणी बंद केली. लग्नाच्या पत्रिका आल्या की काहीतरी कारण सांगून टाळायची. घरचे जीव लावणारे होते. सासूबाई म्हणत, “विसरून जा गं.” जाऊबाई म्हणत, “तुझी काय चूक त्यात?” दोघींचं बरोबर होतं, पण त्यानं माझी रात्र सरत नव्हती.

ह्यांनी शेवटी १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी क्रमांक फिरवला. २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली ही फुकट सेवा आहे. पलीकडच्या बाईंनी हिंदीत शांतपणे ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं. घरात कुजबुज झाली. ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळेचं नाव निघालं की अजून माणसं आवाज खाली करतात. आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर या तीन मनोरुग्णालयांच्या देखरेखीचं काम १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दिलं, यावरून तिथली तेव्हाची परिस्थिती समजावी. ती भीती पिढ्यांची आहे, तिला मी हसत नाही. पण त्या भीतीपायी किती माणसं वर्षानुवर्षं रात्री जागत बसली असतील, याचा विचार आला की जीव तुटतो.

डॉक्टरांनी थोडे दिवस झोपेसाठी गोळी दिली आणि एका समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. मला वाटलं होतं, त्या आता सगळं वदवून घेतील. त्यांनी पहिल्या काही भेटींत त्या रात्रीविषयी विचारलंच नाही. झोप, भूक, घरात कोण, गाणं कधीपासून, एवढंच. पाय जमिनीला टेकवून बसायला शिकवलं, घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला लांब ठेवायला शिकवलं. घाबरले की समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्यायची, म्हणजे मन आत्ताच्या खोलीत परत येतं. अपघातानंतर लगेच सगळ्यांना बसवून घडलेलं बोलतं करायची एक पद्धत जगभर रूढ होती. ती वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये सांगितलं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ‘मन मोकळं कर’ म्हणणाऱ्या आपल्या प्रेमळ माणसांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

माझ्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात नाव आहे हेही त्यांनी सांगितलं. व्हिएतनामच्या युद्धाहून परतलेल्या सैनिकांसाठी झगडणाऱ्या लोकांचा रेटा लागला आणि १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचार वर्गीकरणात ते नाव दाखल झालं. त्या सैनिकांचं आणि मुरारच्या मॅरेज गार्डनबाहेर ताट धरून उभ्या राहिलेल्या बाईचं शरीर एकाच तऱ्हेनं दचकतं, हे ऐकून मला फार आधार वाटला. मी वेडी होत नव्हते.

मग खरं काम सुरू झालं. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बलात्कार सोसलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना ही पद्धत बसवली. डोळे मिटायचे आणि ती रात्र वर्तमानकाळात सांगायची, आत्ता घडते आहे अशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मॅडम मध्येच विचारत, “भीती शंभरात किती?” सगळं मोबाइलवर ध्वनिमुद्रित होई आणि ते घरी रोज ऐकायचं. पहिल्यांदा सांगताना मी ताट पडलं तिथेच थांबले, ओकारी आली. घरी ऐकताना हे दाराबाहेर बसून राहत. हा उपचार गोड नाही. मध्यंतरी माझी झोप आणखी बिघडली, तेव्हा मॅडमनी वेग कमी केला, पण सोडू दिलं नाही.

सांगता सांगता तुकडे जुळू लागले. आवाज आधी आला, ताट नंतर पडलं. बंदूकवाला उजवीकडे, मोटारीजवळ होता. वर झाडून झाल्यावर तो नळी खाली करत असताना गोळी सुटली. आणि त्या मुलानं मला काहीतरी विचारलं होतं, तेही एके दिवशी आठवलं.

“मी बोलावलं म्हणून तो गेला” हे वाक्य मात्र हलेना. मॅडमनी ते खोडलं नाही. त्या म्हणाल्या, “बोलावलंत तेव्हा तुम्हाला काय काय माहीत होतं, ते सांगा.” मी सांगू लागले : अंधार आहे, नवरदेवाला पायरी दिसत नाही, बंदूकवाला हवेत झाडतो आहे. एवढंच माहीत होतं. बोलताना मी हिंदी सोडून मराठीत गेले, मॅडमना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी थांबवलं नाही. जाऊबाई जे सांगत होत्या ते त्या दिवशी मला स्वतःला दिसलं.

पुढे बाहेरची कामं. मोबाइलवर हळू आवाजात बँड ऐकायचा. बँडवाल्यांच्या दुकानांसमोर भीती निम्मी होईपर्यंत उभं राहायचं. आधी तानपुऱ्यावर एकाच विद्यार्थिनीला शिकवलं, मग तबला आला. समेवर अजून कधी कधी खांदे आखडतात. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी समारोहाला गेले, मागच्या रांगेत, निघायची वाट मोकळी ठेवून, आणि मध्यरात्रीपर्यंत बसले.

कोर्टाचं समन्स आलं तेव्हा ह्यांनाच धसका बसला. मी साक्ष दिली. उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, पोलिसांना तर तुम्ही वेगळं सांगितलं होतंत? मी म्हटलं, तेव्हा मला क्रम लागत नव्हता, आज लागतो. आणि क्रमानं सांगितलं. हात थरथरत होते, आवाज नव्हता थरथरत. न्यायाधीशांना काय पटलं ते निकालात कळेल, तो अजून लागायचा आहे.

बाहेर बाकावर त्या मुलाचे वडील बसले होते. ते जवळ आले. “बहनजी, उसने कुछ कहा था क्या?”

पूर्वी या प्रश्नानं मी पळून गेले असते. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, “हाँ भाईसाहब. पूछा था, कहाँ खड़ा होऊँ, आंटी? मैंने कहा, यहाँ मेरे पास. तो हँसा और आ गया.”

“हँसा था?” त्यांनी विचारलं.

“हाँ.” मग त्यांनी आणखी विचारलं, आणि मी सारं सांगत गेले.