एक ब्रास माती

वास्तुशांत झाली आणि हातात साडेपाच हजार उरले. दारापुढे २० बाय १० फुटांची जागा आहे. त्यात विटांचे तुकडे, वाळून दगड झालेला सिमेंटचा माल आणि ट्रकच्या चाकांनी दाबलेला मुरूम. कोल्हापूरच्या कडेच्या नव्या कॉलन्यांत अशा जागेवर पेव्हर ब्लॉक घालून टाकतात. मला ते करवत नाही. दारात पाऊल टाकलं की पायाला माती लागली पाहिजे.

*

तीन दिवस डोक्यात लॉन होतं. गवताच्या गालिच्याचा खर्च एकदाच होतो, पण पाणी रोज लागतं. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तरी २०० चौरस फुटांना ९० लिटरच्या वर जातं. आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं. लॉनचा विषय संपला.

*

आत्तीचं म्हणणं, "आधी पहिला पाऊस पडू दे. पाणी कुठं थांबतंय ते बघ, मगच कुदळ घे."

जूनमध्ये छत्री घेऊन पायरीवर उभी राहिले. जिथं तुळशीचा कट्टा बांधायचा ठरला होता, तिथंच घोट्याएवढं तळं साचलं! कट्टा बांधून झाला असता तर पुन्हा गवंडी बोलवावा लागला असता. तळ्यापासून कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत वीतभर खोल चर मारला आणि त्यात विटांचे सगळे तुकडे भरले. राडारोडा न्यायला ट्रॉलीवाला पैसे मागत होता, तो खर्चही वाचला.

*

चूक लिहून ठेवते. उतावीळपणानं फुललेले सहा गुलाब आणून त्या मुरमातच लावले. कुदळीनं केलेला खड्डा म्हणजे मडकंच झालं, पाणी खाली उतरेना. मुळं कुजली आणि दीड महिन्यात सहाही गेले. झाडाच्या आधी मातीवर पैसे घालायचे, हे आत्ती सांगत होती. मी ऐकलं नाही.

*

हिशेब: २० × १० फुटांवर अर्धा फूट माती म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. तेवढी परवडत नव्हती. म्हणून अर्धाच ब्रास घेतली, आणि तीही फक्त कुंपणालगतच्या वाफ्यांपुरती. मधल्या वाटेला माती कशाला? तिथं शहाबादीचे तुकडे वाळूवर बसवले. फरशीच्या दुकानामागे तुटक्यांचा ढीग असतो. विचारलं तर देतात.

उरलेली माती घरीच करायची. या गावात तर ते सांगायलाही नको. श्री. अ. दाभोळकर इथलेच, गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारानं पालापाचोळ्यातून माती कशी घडते ते लोकांना हातानं करून बघायला लावलं. आणि आम्ही मात्र कचरा म्हणून पानं पेटवतो.

ऊसतोड झाल्यावर पलीकडच्या शेतातून पाचट मागून आणलं. मालक ते पेटवणारच होते. वाफ्यांत शेणखत घातलं आणि वर चार बोटं जाड पाचट अंथरलं. एप्रिलच्या उन्हात हात खाली घातला, तर ओल लागली आणि गांडूळ बोटाला गुदगुल्या करून गेलं. किती आनंद झाला ते घरात कुणाला नीट सांगता आलं नाही.

*

कोपऱ्यातला कडुनिंब "सावली करतोय, काढून टाका" असं बांधकामावरच्या एकानं सुचवलं होतं. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, कायदा १९७५ चा आहे. कायदा नसता तरी मी तोडू दिला नसता. बाकी अंगण तापलेलं असतं तेव्हा दुपारी त्याच्याखाली बसता येतं. पानगळीत वाफ्यांना पुरेल इतका पाला तोच देतो.

*

विकत न घेतलेली झाडं. जास्वंद, तगर, अडुळसा: पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या, तिरकस कापून. कढीपत्ता: शेजारच्या वैनींच्या झाडाच्या मुळाला फुटलेला कोंब, मुळासकट. गवती चहाचं एक ठोंब, त्याची पाच झाली. गुलबक्षीच्या मिऱ्यांसारख्या काळ्या बिया रस्त्याकडेला वेचल्या. दसऱ्याच्या तोरणातले गोंडे वाळवून जूनमध्ये चुरगाळून टाकले. सगळे सारखे आले नाहीत, काही एकेरी पाकळ्यांचेच निघाले. ते मला जास्त आवडले.

मोरीचं पाणी गटारात जात होतं, ते आता केळ आणि कर्दळीला जातं.

वैनी म्हणाल्या, "मागितलेलं रोप जगतंय बघा." त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, कारण मागताना आपण बसून घेतो, आणि झाड किती पाणी पितं, कुठल्या बाजूला झुकतं, सगळं ऐकून घेतो. नर्सरीत तेवढा वेळ कुणाला असतो?

*

एका गोष्टीला मात्र खुशाल खर्च केला: लिंबाचं एक चांगलं कलम आणि त्याच्यासाठी दोन फुटी खड्डा. मुरूम फोडायला पहार लागली. एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, ती अजिबात खटकली नाही.

*

साडेपाच हजारांतले ७४० शिल्लक आहेत. पश्चिमेची भिंत संध्याकाळी आठपर्यंत तापलेली असते, तिच्यावर मधुमालती चढवायची आहे. आत्तीच्या दारातल्या वेलीच्या मुळाला तीन कोंब आलेत. पाऊस लागला की एक आणायचा. मांडवासाठी तार आणि चार खुंट्या तेवढ्या विकत घ्यायच्या.