कर दोनदा भरू नकोस

करोल बाग, दिल्ली
नोव्हेंबर २०२५

चि. सोनू,

तुझा निरोप मिळाला. ‘काका, चूक माझीच आहे, आयकराची डिमांड भरून मोकळा होतो,’ असं लिहिलंयस. भरू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी बँकेचं पान उघडू नकोस. लीड्समध्ये तू जो पगार कमावलास, त्यातून तिथल्या सरकारने दर महिन्याला कर कापून घेतलाय. त्याच पगारावर इथे पुन्हा पूर्ण कर देण्याचं तुझ्यावर बंधन नाही. एक फॉर्म वेळेत गेला नाही, एवढ्यावरून ते बंधन तयार होतं असं मी मानत नाही, आणि असं न मानणारा मी एकटा नाही.

मुळात तो पगार भारताच्या रिटर्नमध्ये आला कसा, हे आधी बघ. तू २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गेलास. एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने, म्हणजे १८३ दिवस, तू इथेच होतास. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या भारतीय नागरिकाने त्या वर्षात १८२ दिवस देशात काढले, की तो त्या वर्षापुरता निवासी ठरतो आणि निवासी माणसाला जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं. पंधरवडाभर आधी निघाला असतास तर हा प्रश्नच आला नसता. पण तू लपवलं काहीच नाहीस. जुलै २०२४मध्ये मुदतीत रिटर्न भरलंस, त्यात इंग्लंडचा पगार दाखवलास, तिथे कापलेल्या कराचं क्रेडिट मागितलंस. राहिला तो या क्रेडिटसाठी द्यायचा फॉर्म ६७. रिटर्न भरून देणाऱ्याने तो विचारला नाही, तुला तो असतो हे ठाऊक नव्हतं. आता आयकर खात्याचं इंटिमेशन आलंय, त्यात क्रेडिटच्या रकान्यात शून्य आहे, आणि त्या शून्यामुळे वाढलेल्या करावर व्याजही चढलंय.

हे क्रेडिट येतं कुठून? भारत आणि ब्रिटन यांच्यातला दुहेरी कर टाळण्याचा करार २५ जानेवारी १९९३ला झाला. त्याचं चोविसावं कलम सांगतं, की भारतातल्या निवाशाने ब्रिटनमधल्या उत्पन्नावर तिथे दिलेला कर त्याच्या इथल्या करातून वजा करून दिला जाईल. मर्यादा एकच. त्या उत्पन्नावर इथे जेवढा कर बसतो, त्याहून जास्त वजावट नाही. समज, तिथे ४ लाख कापले आणि इथे त्याच पगारावर ५ लाख बसतात, तर तुला वरचा १ लाख भरायचा. उलट असेल तर ४ लाखांवर क्रेडिट थांबतं, वरचे परत मिळत नाहीत. आयकर कायद्याचं कलम ९० या कराराला बळ देतं, आणि करार व कायदा यांपैकी करदात्याच्या फायद्याचं जे असेल ते लागू, असं तेच कलम सांगतं.

फॉर्म ६७ खूप नंतर आला. तो मागणारा आयकर नियम १२८ हा २०१६मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०१७पासून लागू झाला, आणि रिटर्नच्या मूळ मुदतीतच फॉर्म द्यावा असं त्यात होतं. ३१ जुलै टळली की क्रेडिट गेलं, अशा हिशेबाने हजारो मैल दूर राबणाऱ्या नोकरदारांना नोटिसा गेल्या. परदेशातून कराचा दाखला येईपर्यंत अनेकदा इथली तारीख उलटून जाते, हे नियम करणाऱ्यांना पुढे उमगलं असावं. १८ ऑगस्ट २०२२च्या अधिसूचनेने मुदत करनिर्धारण वर्षाच्या अखेरपर्यंत वाढवली. तुझ्या बाबतीत ती ३१ मार्च २०२५ला संपली. म्हणजे तू वाढीव मुदतही चुकवलीस, हे खरंच आहे. ते मी तुझ्यापासून झाकून ठेवत नाही.

पण मुदत चुकली म्हणजे हक्कच बुडाला का? आपल्या गल्लीत सोनं गाळणाऱ्या कुठल्याही गलाईवाल्याला विचार. टंचाची, म्हणजे शुद्धतेची, चिठ्ठी दुपारी यायची ती संध्याकाळी आली, म्हणून मुशीतलं सोनं पितळ होत नाही. चिठ्ठी लागतेच, तिच्याशिवाय कोणी भाव देणार नाही. पण सोनं आधी असतं. न्यायाधिकरणांनी कायद्याच्या भाषेत जवळजवळ हेच म्हटलंय. नोव्हेंबर २०२१मध्ये बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणापुढे ऑस्ट्रेलियात नोकरी केलेल्या एका बाईंचं प्रकरण आलं. फॉर्म उशिरा दिला म्हणून क्रेडिट नाकारावं असं नियम १२८ कुठेही म्हणत नाही, आणि नियम हा कायद्यावर किंवा करारावर कुरघोडी करू शकत नाही, असं तिथे ठरलं. सप्टेंबर २०२२मध्ये मुंबईच्या खंडपीठाने अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा यांच्या प्रकरणात तोच सूर धरला. पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने केनियात कर भरून परतलेल्या एका माणसाला दिलासा दिला. रिटर्ननंतर, पण अंतिम कर ठरण्याआधी, फॉर्म आला असेल तर तो पाहायला हवा, असं म्हणताना त्या न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या जी. एम. निटिंग इंडस्ट्रीजच्या निकालाचा आधार घेतला.

तुझा फॉर्म मात्र इंटिमेशननंतर जाणार आहे. समोरचा माणूस तिथेच बोट ठेवेल, म्हणून उत्तर तयार ठेव. विशाखापट्टणमच्या न्यायाधिकरणाने २०२२मध्ये मुदत बंधनकारकच आहे असा उलट निर्णय दिलेला आहे. शिवाय जुलै २०२२चा विप्रोचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला जाईल. सवलत मागायची तर अट अक्षरशः पाळा, असं त्याचं सार. पण तो निकाल करमाफीच्या सवलतीबद्दल होता. तू माफी मागत नाहीस. दोन सरकारांनी आपसात दिलेला शब्द पाळा, एवढंच तुझं म्हणणं आहे. हा फरक अपिलात ठसठशीत लिहायचा, दोन ओळींत उरकायचा नाही.

आता तू सारखं ‘चूक माझीच’ म्हणतोस, त्याबद्दल. खानापूर-आटपाडीकडून आपली माणसं दुष्काळाच्या झळा सोसून या बीडनपुऱ्यात आणि रेगरपुऱ्यात आली, भाड्याच्या खोलीत भट्टी लावून बसली. ज्याचं घर रोजच्या गलाईवर चालतं, त्याला एक दिवस भट्टी बंद ठेवून सरकारी कचेरीत जाणं परवडत नाही. म्हणून लिफाफा आला की दादा, म्हणजे तुझे वडील, विचारायचा, ‘किती?’ ‘का?’ असं त्याने कधी विचारलं नाही. मी या गल्लीतल्या दुकानांची रिटर्नं भरतो, आणि अजूनही निम्मी माणसं माझ्यापुढे कागद ठेवून तेच विचारतात. दादाच्या पिढीपुढे दुसरा मार्ग नव्हता. तुझ्यापुढे आहे. देणं नसलेला कर भीतीपोटी भरणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, सोनू. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येणार नाही, हे राज्यघटनेच्या २६५व्या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. आणि करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये, त्याला मिळण्याजोगी सूट त्यांनी स्वतःहून दाखवून द्यावी, असं तेव्हाच्या केंद्रीय महसूल मंडळाचं परिपत्रक ११ एप्रिल १९५५चं आहे. सत्तर वर्षं झाली त्याला. तुझं रिटर्न यंत्राने तपासलं, फॉर्म सापडला नाही, शून्य टाकलं. यंत्राला परिपत्रक वाचता येत नाही. म्हणूनच हे प्रकरण माणसाच्या टेबलापर्यंत न्यायला हवं.

कामाचं ऐक. पहिल्यांदा फॉर्म ६७ भरायचा, उशिरा का होईना. त्याला पी-६०, म्हणजे तिथला पगाराचा आणि कराचा दाखला, जोड. त्यात इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स असे वेगवेगळे आकडे असतील. क्रेडिट फक्त पहिल्याचं. नॅशनल इन्शुरन्स करारातल्या करांमध्ये येत नाही, ते मिसळलंस तर खऱ्या आकड्यावरही संशय येईल. पौंडाचे रुपये करताना ज्या महिन्यात कर कापला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा बँकेचा टीटी (टेलिग्राफिक ट्रान्सफर) खरेदी दर धरायचा. ऑक्टोबरच्या कपातीला ३० सप्टेंबरचा, नोव्हेंबरच्या कपातीला ३१ ऑक्टोबरचा. रिटर्नमध्ये टाकलेली रक्कम आणि फॉर्ममधली रक्कम जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर का नाही, ते एका कागदावर लिहून ठेव.

मग कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज. त्याला चार वर्षांची मुदत आहे, म्हणून लोक त्यावरच विसंबून राहतात. पण मुद्दा वादाचा आहे, दुरुस्तीचा नाही, असं म्हणून तो अर्ज फेटाळला जातो आणि तोवर अपिलाची वेळ गेलेली असते. तुझ्या सगळ्या प्रकरणात सांभाळायची तारीख ही आहे: इंटिमेशन मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुक्तांकडे अपील, फॉर्म ३५वर, ऑनलाइन. फॉर्म ६७च्या उशिराबद्दल न्यायाधिकरणांनी उदारपणा दाखवलाय. अपिलाला उशीर झाला तर प्रत्येक दिवसाचं कारण देत बसावं लागतं, आणि ते पटेलच असं नाही. अर्ज कर, पण अपील त्याच्यासाठी थांबवू नकोस.

डिमांडवर पोर्टलवर ‘असहमत’ नोंदव आणि वसुली थांबवण्याचा वेगळा अर्ज दे. प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१७च्या सूचनेप्रमाणे साधारण वीस टक्के भरायला सांगतात. तेवढे भरावे लागले तर भरू, ते अपील जिंकल्यावर परत येतात. काहीच केलं नाहीस तर पुढच्या वर्षीचा परतावा या डिमांडमध्ये वळता होईल. पुढच्या एप्रिलपासून नवा आयकर कायदा येतोय, त्याने तुझी अडचण सुटेल अशी आशा धरू नकोस. तुझं वर्ष जुन्या कायद्याचंच राहणार.

पी-६० आणि ऑक्टोबर ते मार्चच्या पगाराच्या स्लिपा आज रात्रीच पाठव. इंटिमेशन ज्या ई-मेलला आलं, तो ई-मेल तसाच पुढे पाठव, तारखेसकट. स्क्रीनचा फोटो नको. अपिलाची कारणं मी लिहायला घेतली आहेत. वहिनींना यातलं काही बोललो नाही. त्या परवा विचारत होत्या, पोरगं फोनवर तुटक का बोलतं म्हणून. त्यांना फोन कर.

तुझा,
काका