वाडा हलत नाही, आजी हलते

‘लेन्स घ्यायचीय’ एवढं वाक्य ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये नुसतं पुटपुटून बघा. अप्रेजलच्या वेळी ज्यांनी तुमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते सगळे खुर्च्या ओढून तुमच्या टेबलापाशी! अकाउण्ट्सवाला म्हणतो, टेलिफोटो घे, भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जाऊ. टीम लीड म्हणतो, वाइड घे, लॅण्डस्केपसारखी मजा नाही. एचआरमधली मैत्रीण म्हणते, मॅक्रो घे गं, कासच्या पठारावर कसली सॉलिड फुलं मिळतील! आणि कोपऱ्यात डबा खात बसलेले एक सीनिअर न विचारता सांगतात, ‘थांब जरा, पैसे साठव आणि एकदम महागातलीच घे.’ त्यांचा स्वतःचा कॅमेरा लग्नानंतर कपाटाबाहेर आलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यांचं बरोबरच असतं म्हणा. फक्त प्रत्येकजण स्वतःच्या फोटोंसाठी लेन्स सुचवत असतो. तुमचे फोटो त्याने पाहिलेलेच नसतात.

माझं प्रकरण साधं होतं. कॅमेरा कॅननचा २००डी, सेकंडहॅण्ड, सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. बजेट पंधरा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही, कारण डोंबिवलीच्या वन बीएचकेचा हप्ता कुणाला चुकलाय? आणि हातात वेळ कमी. वाईचा आमचा वाडा येत्या दिवाळीनंतर रिकामा करायचाय. काका-बाबांच्या सह्या झाल्यात, बिल्डरची माणसं टेप लावून मापं घेऊन गेलीत. आजी पुण्याला काकांकडे जाणार. तिला त्याचं फारसं काही वाटत नाही, असं ती म्हणते. मला मात्र तिचे त्या घरातले फोटो हवे होते. माजघरात, पाटावर बसून वाती वळतानाचे. तिची एकच अट : ‘फोटो काढ हवे तेवढे, पण डोळ्यांत उजेड मारू नकोस गं.’ मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला फ्लॅश अजिबात सोसत नाही. आणि माजघराला खिडकी म्हणाल तर वीतभर झरोका. भरदुपारीसुद्धा तिथे संध्याकाळच असते.

तर लेन्स कोणती? कॅण्टीनमधल्या तज्ज्ञांना बाजूला ठेवून मी एका रविवारी लॅपटॉप उघडला आणि आधीच काढलेले फोटो चाळले. हे तुम्हीही करा, फुकट आहे. फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलं की फोकल लेंग्थ, शटर स्पीड, अॅपर्चर, आयएसओ सगळं लिहिलेलं असतं. वाईचे साधारण चारशे फोटो होते आणि त्यांचे सरळ दोन ढीग पडले. एक १८वर काढलेले : दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, माडीचा जिना. दुसरे ५५वर, म्हणजे झूम पार टोकाला नेऊन काढलेले : आजी, आजी आणि आजी. पहिला ढीग ठीकठाक होता. दुसऱ्यात चेहरा जेमतेम धड आणि हातांच्या जागी नुसता धूर!

फंडा असा आहे. माझी किट लेन्स ५५वर जास्तीत जास्त एफ/५.६ एवढीच उघडते. माजघरात आयएसओ ३२००पर्यंत चढवला तरी शटर मिळत होतं १/१५ सेकंद. तेवढ्या वेळात आजीची वात अर्धी वळून होते! कुणी म्हणेल, लेन्समध्ये इमेज स्टॅबिलायझेशन आहे की. आहे ना, पण ते तुमच्या हाताचा थरथराट सावरतं, समोरच्याच्या हाताचा नाही. हा फरक दुकानात सहसा कुणी समजावून सांगत नाही.

वाड्याचं गणित उलटं. वाडा हलत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, आयएसओ १००, शटर दोन सेकंद उघडं ठेवा, तीच किट लेन्स एफ/८वर जिन्यावरची धूळसुद्धा नीट दाखवते. म्हणजे वाड्यासाठी मला लेन्स नको होती, ट्रायपॉड हवा होता. लेन्स हवी होती आजीसाठी. ती हलते, आणि तिला हलू नकोस म्हणायचं नव्हतं.

एवढं कळल्यावर निम्मी यादी आपोआप गळाली. स्वस्तात मिळणारी ७५-३०० झूम मला दोन जणांनी सुचवली होती. ती ३००वर पुन्हा एफ/५.६, शिवाय त्यात स्टॅबिलायझेशनही नाही. (लांबची झूम घ्यायचीच असेल तर कॅननवाल्यांनी ५५-२५०ची आयएस एसटीएम बघावी. आणि वर्षातून एकदाच भिगवणला जाणार असाल तर सरळ वीकेण्डपुरती भाड्याने आणा.) १०-१८ची वाइड छान आहे, पण काळोखात तीही आंधळीच. उरल्या दोन झूम नसलेल्या लेन्स : २४ एमएम एफ/२.८, पोळीसारखी चपटी, आणि ५० एमएम एफ/१.८.

इथे मी जरा अडले. आपल्या बजेट कॅमेऱ्यांचा सेन्सर छोटा असतो. कॅननमध्ये आकड्याला १.६ने गुणायचं, निकॉन, सोनीमध्ये १.५ने. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स ८०सारखी वागणार. लहान खोलीत ती गळ्याशी येते. डोंबिवलीच्या किचनमध्ये आईचा फोटो काढायचा तर माझी पाठ फ्रिजला टेकते आणि तरी आईची पोळी फ्रेमबाहेर!

यावर उपाय सेलोटेप. खरंच. किट लेन्सची झूम रिंग २४वर आणून टेप लावली आणि शनिवार वाईला तसाच काढला. रविवारी ५०वर. चोवीसवर अख्खं माजघर आलं, खुंट्या, फडताळ, टांगलेली पिशवी, आणि मध्ये कुठेतरी आजी. पन्नासवर उंबरठ्यात उभं राहिलं की आठ-नऊ फुटांवरून, कॅमेरा उभा धरला तर, पाटावर बसलेली आजी बरोब्बर अख्खी मावते. जवळ सरकलं की नुसते हात. खोलीचा फोटो ट्रायपॉडवर मिळणारच होता. मग पन्नासच.

निकॉनवाल्या दोस्तांसाठी एक सूचना. ३०००च्या आणि ५०००च्या मालिकेतल्या कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे ५०ची जुनी ‘डी’ लेन्स स्वस्त मिळाली तरी ती त्यांच्यावर हातानेच फोकस करावी लागते. त्यांनी ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स बघावी, आपल्या घरांच्या मापाला ती जास्त सोयीची.

माझी लेन्स मी फोर्टात, बोरा बझारच्या बाजूला सेकंडहॅण्ड घेतली. साडेसहा हजार. या ५०ची जुनी आवृत्ती १९९०ची, प्लॅस्टिकच्या माउंटची. २०१५ साली आलेल्या एसटीएममध्ये माउंट धातूचा आहे आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळून फोकस करते, म्हणून तीच शोधली. सेकंडहॅण्ड लेन्स बघायला जाताना खिशात टॉर्च हवा. मागून उजेड टाकून काचेतून आरपार बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्याची देणगी! दुकानदार ‘पुसली की जाते’ म्हणाला तरी हसून पुढच्या दुकानात जायचं. मी चार दुकानं फिरले. दुकानदाराने मला ‘मॅडम, तुम्ही डॉक्टर का?’ असं विचारलं तेव्हा मी लेन्सच्या पोटात टॉर्च मारत होते.

पहिल्याच खेपेला एफ/२वर त्याच उजेडात, त्याच आयएसओला शटर १/१२५ मिळालं. आठपट! बोटं स्वच्छ आली, कापसाचा तंतूसुद्धा. मात्र एक सांगते, मीटरभर अंतरावरून एफ/१.८ ठेवली तर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा नीट फोकसमध्ये राहतो. डोळा छान, कान गायब. बॅकग्राऊण्ड धूसर झाली की आपण खूष होतो, पण मागची दगडी चूल मला पुसून टाकायची नव्हती. झरोक्यातून ऊन आलं की मी एफ/२.८वर जाते.

आजीला स्क्रीनवर फोटो दाखवला. चष्मा वर सरकवून तिने तो बराच वेळ पाहिला. ‘हे माझे हात? अगदी माझ्या सासूबाईंसारखे दिसायला लागलेत की गं!’ म्हणाली. मग उठली, आत गेली आणि चौघडी घातलेलं नऊवारी नेसून आली. ‘आता काढ. आणि तो कोनाडा येऊ दे मागे, तिथे तुझे आजोबा अडकित्ता ठेवायचे.’

ट्रायपॉड बावीसशेला आला. साडेतीनशेला हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं. पंधरा हजारांतले सहा हजारांच्या आसपास उरलेत. अकाउण्ट्सवाला म्हणतोय, थोडे घाल आणि झूम घेऊन टाक. मी वाईच्या एसटीचं वेळापत्रक बघतेय.